कीबोर्डवरचं झाकण

मॅक्रो चालू केला की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. कीबोर्डला हात लावायचा नाही, माउसला नाही, टेबलाला गुडघासुद्धा लागू द्यायचा नाही. समोर पडद्यावर खिडक्या आपोआप उघडतात, मिटतात, निळी पट्टी खाली-वर सरकते, आणि पलीकडे प्रिंटर एकदा पाकीट ओढतो, एकदा जाड कार्ड ओढतो, एकदा आतला पातळ कागद. गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघतं. विचारतं, "नाना, भूत बसाडेल शे का यामा?" मी म्हणतो, "भूत नही रे, मन्हाच हात शे तो."

हे सांगताना पूर्वी माझी छाती फुगायची. आताही सांगतो, पण आवाज तेवढा निघत नाही. ते का, हेच लिहायला बसलोय. मी लिहिणारा माणूस नव्हे, मी छापणारा माणूस. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर जे शिकलो ते दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका वाचून शिकलो. तेव्हा वाक्य कुठे वाकडं गेलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. मी काही ते सरळ करणार नाही.

आमचं दुकान विसरवाडीला, फाट्यावर. आम्ही मूळचे शहादा तालुक्यातले, तापीकाठचे. गावी भावांचं आणि माझं जमलं नाही, म्हणून बायको घेऊन इकडे निघून आलो. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. पुढच्या बाजूने हायवे. सुरतेकडे जाणारे ट्रक, धुळ्याकडे जाणाऱ्या बसा, रसवंती, पंक्चरवाला, भजी. मागच्या बाजूने स्वयंपाकघर आणि त्याच्या खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं याच भिंतीपाशी येतं.

काम पत्रिकांचं. बिलबुक, स्टिकर हे वरकड. पत्रिकेत गणपतीवाल्या वेगळ्या, क्रूसवाल्या वेगळ्या. नवापूरच्या डोंगरातली निम्मी गिऱ्हाइकं क्रूसवाली, तापीकडची गणपतीवाली, आणि काही मधली, ती म्हणतात देव नको, नुसती फुलं टाका. मला तिन्ही सारखे. अक्षर सुटसुटीत पडलं पाहिजे, एवढाच माझा धर्म.

पण आमची खरी ओळख म्हणजे सेट. दुसरीकडे काय करतात, शंभर कार्डं आधी छापतात, मग शंभर पाकिटं, आणि गठ्ठे गिऱ्हाइकाच्या हातात देतात. मग घरी जाऊन ते बिचारे जोड्या लावत बसतात. कार्डावर नाव एकाचं आणि पाकिटावर दुसऱ्याचं, असं झालं की पाहुणे रुसतात. आमच्याकडे पाहुण्याचं पाकीट, त्याच्याच नावाचं कार्ड, आतला कागद, असा एकेक सेट लागोपाठ बाहेर पडायचा. गावाप्रमाणे. गिऱ्हाइकाने फक्त आत सरकवायचं आणि निघायचं. यादी एक्सेलच्या शीटमध्ये मी स्वतः टाकायचो.

आता जुन्या प्रिंटरला कागद घालायला एकच तोंड होतं. पुढे एक फळी उघडायची, तिच्यावर कागद ठेवायचा. माझी बायको त्या फळीला जीभ म्हणायची. मी कॉम्प्युटरवर बसायचो, ती प्रिंटरपाशी लाकडी स्टुलावर. मी खिडकीत कागदाचा प्रकार बदलायचो आणि म्हणायचो, "पाकीट." ती पाकीट ठेवायची आणि म्हणायची, "शे," म्हणजे आहे. मग मी म्हणायचो, "कार्ड." ती म्हणायची, "शे." मग "कागद." "शे." दिवसभर हेच. तिला अक्षरओळख नाही. पण पाकिटाची चिकटवायची चोच कुठल्या बाजूला, पावसाळ्यात ओलसर झालेला गठ्ठा किती वेळ हातात फुलवायचा, हे तिचं तीच बघायची. मी त्यात बोललेलं तिला चालायचं नाही.

आणि या "शे"च्या मधे जे बोलणं व्हायचं ते तर विचारू नका. मी पाकिटावरचं नाव वाचायचो, गाव वाचायचो, आणि ती तिथून धागा उचलायची. "हाऊ कळसाडीना का? मन्ही मावसनी जाऊ कळसाडीनी व्हती. इतली चिंगूस, चहामा साखर दखाडीसन टाके." मग त्या जावेचं अख्खं खानदान. मधेच रस्त्याकडे बघून, "दखा, नवापूरनी गाडी उनी. ती बाई मांगला आठवडाले बी उतरनी व्हती, तवय पोटवाली नही व्हती." मी म्हणायचो, "पाकीट." ती म्हणायची, "ठेल शे कवळनं. तुमनंच ध्यान कोठे शे?"

तिचं स्टूल रस्त्याकडे तोंड करून होतं. ते तिनेच तसं ठेवलेलं. सगळा हायवे तिला पाठ. कोणती बस उशिरा येते, कोणता ड्रायव्हर भजीवाल्याशी भांडतो, डोंगरातल्या कोणत्या बायका मोहाची फुलं घेऊन बसतात आणि कोणत्या मिरच्या. तिच्या माहेरचं माणूस बसमधून उतरलं की ते दुकानात येण्याआधी तिला दिसायचं आणि ती चहा ठेवायला उठलेली असायची.

मग जुना प्रिंटर गेला. त्याचे आतले दात झिजले होते, कागद ओढेना. मी सुरतेहून दुसरा आणला, वापरलेलाच, पण मोठा. त्याला तीन ट्रे. एकात पाकिटं भरा, एकात कार्डं, एकात कागद, तो आपला आपण ओढतो. फक्त प्रत्येक वेळी त्याला सांगावं लागतं, आता या ट्रेमधून, आता जाड, आता पातळ. आणि हे सांगायचं कुठे, तर प्रिंट म्हटलं की एक खिडकी येते, तिच्यात प्रिंटरची स्वतःची दुसरी खिडकी उघडायची, तिच्यात कागदाचं पान शोधायचं, तिथे यादी खाली सोडायची, हवं ते निवडायचं, मग दोनदा हो म्हणत बाहेर यायचं. एका सेटला तीन वेळा.

माझा उजवा हात थरथरतो. पेन धरला तर नाही, माउस धरला की थरथरतो. पाकिटावर बाण नेला की तो कार्डावर जाऊन बसायचा. म्हणून मी माउस सोडला आणि सगळं कीबोर्डनेच करायला लागलो. टॅब दाबला की पुढच्या घरात जातो, बाण दाबला की यादीत खाली सरकतो, एंटर दाबला की झालं. थोड्या दिवसांत बोटांना वाट पाठ झाली. डोळे मिटून जायचो.

आणि मग मला सुचलं की बोटांना पाठ आहे ते मशीनला का पाठ होऊ नये. मोबाइलवर हिंदीत शिकवणारे खूप असतात. त्यातल्या एकाने दाखवलं होतं, एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिता येतो, आणि त्यात असं सांगता येतं की टॅब दाबल्यासारखं कर, बाण दाबल्यासारखं कर, एंटर दाबल्यासारखं कर. कळ कुणीच दाबत नाही, पण कॉम्प्युटरला वाटतं दाबली. इंग्रजी मला शब्द म्हणून वाचता येत नाही, चित्र म्हणून येतं. तो शब्द असा दिसला पाहिजे, एवढं मी बघायचो आणि तसाच्या तसा उतरवायचो.

पहिल्यांदा चाललं नाही. खिडकी उघडायला वेळ लागतो आणि मशीनची बोटं माझ्यापेक्षा चपळ, खिडकी यायच्या आधीच टॅब दाबून मोकळी. सगळ्या कळा शीटमध्येच पडल्या आणि मांडलेली नावं इकडची तिकडे झाली. मग मी मधे मधे थांबे घातले. मी तंबाखूला चुना लावतो तेवढा एक मोठा थांबा, बाकी छोटे. मग चाललं. पाकीट, कार्ड, कागद. पाकीट, कार्ड, कागद. कुणी काही न म्हणता.

नाशिकला असलेल्या मुलाला मी फोनवर हे सांगितलं. तो या कामातलाच, कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. तो म्हणाला, "बाबा, हे कच्चं काम आहे. समोर जी खिडकी असेल तिच्यावर कळा पडतात. मधे कुणी काही दाबलं, एखादी सूचना वर आली, की सगळं एक घर सरकणार. मी तुम्हाला दुसऱ्या पद्धतीने करून देतो. प्रत्येक ट्रेचा वेगळा प्रिंटर म्हणून नोंदवून ठेवायचा, मग कळा दाबायचं सोंगच नको."

"नको," मी म्हणालो.

"का नको?"

"मन्हं मी करेल शे. जठे मन्ही बोटं जातीन तठेच मशीन जाई."

"मशीन तुमच्या बोटांचं ऐकत नाही बाबा, ते समोरच्या खिडकीचं ऐकतं."

"मंग समोरनी खिडकी मी धरी ठेवसू," म्हटलं आणि फोन ठेवला. पोराचं खरं होतं. पण पोराचं खरं आहे हे कळायला बापाला वेळ लागतो, आणि कळल्यावर बोलायला त्याहून.

त्या सगळ्या दिवसांत बायको स्टुलावर बसून होती. ट्रे भरले की तिला काही काम नव्हतं. ती सवयीने हात पुढे करायची आणि प्रिंटर तिच्या हाताआधीच पाकीट ओढून घ्यायचा. एकदा ती हसली, म्हणाली, "हाऊ मुडदा माले इचारत बी नही."

मी पडद्याकडे बघत होतो. म्हटलं, "तुले आराम व्हयना. गुडघा दुखस ना तुन्हा?"

"गुडघा आठे बी दुखस न घरमा बी दुखस."

मॅक्रो चालू होता, आणि खरंच सांगतो, मला वाटलं मी तिचं भलं केलं. गुडघ्याचं औषध चिंचपाड्याच्या दवाखान्यातून तीच आणायची, बसमध्ये चढताना दांडा धरून थांबायची, ते मी बघितलेलं. काम कमी झालं म्हणजे बरं झालं, असा साधा हिशेब.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मंग आते मन्हं आठे काय काम शे?"

तिने हे भांडायला विचारलं नव्हतं. भाजी कोणती करू, असं विचारतात तसं विचारलं. आणि मी तेवढ्याच सहज म्हणालो, "बस ना, रस्ता दख." ती बसली. पण माणूस नुसता रस्ता बघायला दुकानात बसत नाही, निदान आमच्याकडची बाई नाही बसत. हात चालू असले की डोळे रस्त्यावर चालतात. रिकाम्या हाताने बसलं की गिऱ्हाईक बघतं, शेजारीण बघते. ती आधी मटार सोलायला घेऊन बसू लागली, मग कधी धान्य निवडायला. पण कार्डावर फोलपट उडतं म्हणून मीच म्हटलं, हे आत कर. मग ती अर्धा दिवस आत राहू लागली.

दसऱ्याला मात्र दुकान तिचं. शस्त्रं, अवजारं, मशीन यांची पूजा आमच्या घरात तीच करते. तिचा एक नियम होता, मशीन चालू पाहिजे. बंद मशीनची पूजा म्हणजे झोपलेल्या माणसाला कुंकू लावणं, असं ती म्हणायची. जुन्या प्रिंटरवर ती एक कोरा कागद जिभेवर ठेवायची, मी प्रिंट द्यायचो, आणि कागद बाहेर येत असतानाच ती त्याच्यावर स्वस्तिक काढायची. कीबोर्डला हळदीकुंकवाचं बोट, पडद्याला बोट, झेंडूचं फूल, नारळ. त्या हळदीची पूड कळांच्या फटीत बसलेली असायची वर्षभर.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळीच चिंचपाड्याकडचा एक माणूस दारात उभा. मुलीचं लग्न, क्रूसवालं कार्ड. तो आदल्या आठवड्यात यादी देऊन गेला होता आणि मी दसऱ्यानंतर ये म्हटलं होतं. तो म्हणाला, "बाबा, आजच पाहिजे. उद्यापासून आमची माणसं गुजरातला ऊस तोडायला निघतात. एकदा गाड्या भरून गेली की कुणाला देऊ? मुकादमाला कार्ड दाखवलं तर लग्नाला रजा मिळते. नुसतं तोंडी सांगितलं तर तो ऐकत नाही."

कागद सगळा भरलेला होता. मी म्हटलं, "बसा भाऊ. दुपारच्या गाडीच्या आधी घेऊन जाल." मॅक्रो चालू केला, दोन-चार सेट नीट पडलेले बघितले, आणि आंघोळीला गेलो. जाताना बायकोला सांगून गेलो, "मशीनले हात लावू नको. मी येस तवय पूजा कर."

तिने हात लावला नाही. हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. मशीन चालू होतं, म्हणजे तिच्या मते पूजेची तीच वेळ. तिने प्रिंटरवर लांबूनच कुंकू टाकलं, पडद्यावरही टाकलं. कीबोर्डला बोट लावायचं नाही म्हणून तिने त्याच्या कडेला, टेबलावर तांदळाची रास केली आणि तिच्यावर नारळ उभा केला. गिऱ्हाइकाला म्हणाली, "भाऊ, प्रसाद लेवा." तो उठला, टेबलाला धक्का लागला असेल नसेल, प्रिंटर चालताना टेबल तसंही थरथरतं. नारळ कलंडला आणि कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात, बाणांच्या कळांवर जाऊन आरामात टेकला.

मी ओल्या डोक्याने बाहेर आलो तेव्हा दोघं प्रसादाचं सुकं खोबरं-साखर खात बोलत होती. कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, कुठल्या साखर कारखान्याला जाणार, मुलगी काय शिकली. प्रिंटर चालूच. मला आवाजावरून कळलं. पाकीट ओढल्याचा आवाज आणि कार्ड ओढल्याचा आवाज वेगळा असतो. मी पुढे होऊन बघितलं तर पाकिटावर येशूचं वचन आणि वधू-वरांची नावं, अर्धी बाहेर सांडलेली, आणि जाड कार्डावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात कुणा पाहुण्याचं नाव आणि गाव. पाकिटं आत चुरगळून निघत होती. बाणाची कळ दाबलेलीच असल्यामुळे मशीनची बोटं प्रत्येक वेळी यादीत एक घर खाली जात होती. पाकिटाच्या जागी कार्ड, कार्डाच्या जागी कागद, कागदाच्या जागी परत पाकीट.

मी प्रिंटरची वायरच उपटली.

बायको नारळाकडे बघत होती. गिऱ्हाईक एक पाकीट हातात घेऊन बघत होतं. तो म्हणाला, "बाबा, हे तर नवरा-नवरीलाच पोस्टात टाकायचं झालं."

मला हसू आलं नाही. बायकोला आलं. तिने पदर तोंडावर धरला. मग मला म्हणाली, "मी हात नही लाया."

"मी काही बोलनू का?"

"बोलनात नही, पण दखी ऱ्हायनात."

मी प्रिंटर उघडून अडकलेली पाकिटं काढली. पाकिटांच्या ट्रेचं ओढायचं रबर निघून आलं होतं. तो ट्रे गेला. आता त्या दिवशी कुठलं रबर मिळणार, दसऱ्याला सगळं बंद. बाजूला एक हाताने कागद घालायची फळी होती, मी ती कधी उघडली नव्हती. बायकोने ती खाली पाडली. म्हणाली, "याले बी जीभ शे की." आणि आत जाऊन स्टूल घेऊन आली.

मी मॅक्रो बंद केला आणि कळा स्वतः दाबायला लागलो. टॅब, बाण, एंटर. "पाकीट," मी म्हणालो.

"शे."

"कार्ड."

"शे."

गिऱ्हाईक खाली सतरंजीवर बसून सेट आत सरकवत होतं. मी नावं वाचत होतो, आणि बायको त्याला विचारत होती, हा तुझा कोण, ती तुझी कोण. तो सांगायचा, "हा माझा साडू. फार बोलतो, याला मी लग्नात जेवण वाढायला लावणार आहे म्हणजे गप्प राहील." बायको म्हणाली, "वाढनारा जास्त बोलस भाऊ. त्याले पानी भरनं काम द्या." मग तिने रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भजीवालानं दुकान आज बी उघडं शे. दसरा नही का त्याना घर?" किती महिन्यांनी मी तिला रस्त्यावरचं काही बोलताना ऐकलं. ती एकदा पाकीट उलटं ठेवायला लागली, मीच म्हटलं, "चोच." ती म्हणाली, "मालूम शे. तुमनी परीक्षा लेस." नारळ फुटला, खोबरं कार्डांपासून लांब ठेवून तिघांनी खाल्लं. वाया गेलेल्या पाकिटांच्या जागी बायकोने आतून जुना उरलेला पिवळा गठ्ठा काढून आणला. क्रूसवाल्यांना पिवळं चालेल का, मी विचारलं. तो म्हणाला, "बाबा, मुकादमाला रंग कळत नाही."

दुपारची गाडी चुकली, त्यानंतरची त्याला मिळाली. पिशवी छातीशी धरून तो चढला आणि खिडकीतून त्याने हात केला, माझ्याकडे नाही, हिच्याकडे. ती स्टुलावरच बसून होती. गुडघा चोळत होती आणि बोलत होती. हातांना शाई, हळद, खोबऱ्याचं तेल सगळं लागलेलं. म्हणाली, "उद्या त्या नंदुरबारवालानं काम शे ना? कार्ड आजच फुलाडी ठेवस."

मी "हो" म्हटलं. आता इथेच थांबायला पाहिजे होतं. इतकं साधं होतं ते. रबर मिळालं नाही म्हणायचं. मिळालं तरी ट्रेचं काही खरं नाही म्हणायचं. मॅक्रोला हात लावायचा नाही, आपल्या बोटांनी टॅब दाबत बसायचं. काय बिघडलं असतं? पण माझ्या डोक्यात ते पाकीट फिरत होतं, येशूचं वचन सांडलेलं. गिऱ्हाइकाच्या समोर माझं काम एका नारळाने पाडलं. पोराला कळलं तर म्हणेल, सांगितलं होतं. मला ते सहन होईना.

सकाळी ती उठायच्या आत मी बाजारात गेलो. टायरच्या दुकानातून रबराचा एक तुकडा कापून आणला आणि ट्रेला बसवला. चांगला बसला. मग मॅक्रोत थोडी दुरुस्ती केली, आणखी एक थांबा घातला. आणि सफरचंदाच्या खोक्याच्या फळ्या पडल्या होत्या त्यांचं एक झाकण केलं, कीबोर्डच्या मापाचं, चारी बाजूंनी उभ्या पट्ट्या मारून. ते कीबोर्डवर पालथं घातलं की त्याच्यावर नारळ काय, दगड ठेवला तरी कळ दाबली जात नाही. फळीला रंधा मारला, कडा घासल्या. सुतारकाम मला येतं. झाकण ठेवलं, मॅक्रो चालू केला, वरून मूठ आपटून बघितली. प्रिंटर आपला पाकीट, कार्ड, कागद. मी खूश होतो. लिहायला लाज वाटते इतका खूश होतो.

ती आंघोळ करून, केस ओलेच बांधून बाहेर आली. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात रूळ पुसायचं फडकं. मधल्या पडद्यापाशी थांबली. प्रिंटर चालू होता. ट्रेमध्ये पाकिटं भरलेली. टेबलावर ते झाकण.

"हाई काय?" तिने विचारलं.

मी झाकण उचलून दाखवलं, ठेवून दाखवलं. त्याच्यावर बुक्की मारली. "आते काहीच व्हत नही," मी म्हणालो.

तिने जवळ येऊन झाकणावरून हात फिरवला. कड गुळगुळीत आहे का बघितली, जसं ती कुठलीही वस्तू बघते. म्हणाली, "चांगलं करं. आते नारळ बी पडाव नही."

मग ती स्टूल घेऊन आत गेली.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण मॅक्रो चालू होता आणि माझे हात मांडीखाली होते, आणि काय म्हणून हाक मारणार? पाकीट म्हणू? पाकीट तर गेलं होतं.

ते स्टूल आता स्वयंपाकघरात असतं, शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून, वरच्या फळीवरचे डबे काढायला. तिने दुकानात येणं बंद केलं असं कुणी म्हणू नये. चहा घेऊन येते, गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर उभ्या उभ्या बोलते. पण बसत नाही. बचत गटाच्या बायकांत जाते, तिथे पापड लाटतात. तिथली हकिगत तिथेच ठेवते. मी विचारलं तर म्हणते, "बायकासन्या गोष्टी, तुमले काय करनं?" एकदा मी मुद्दाम म्हटलं, ट्रे अडकतोय, जरा ये. ती आली, ट्रे बाहेर ओढला, बघितला, आत सरकवला आणि म्हणाली, "काहीच नही व्हयेल." तिला कळलं मी का बोलावलं. थोडी थांबली सुद्धा. मी काही बोललो असतो तर बसली असती बहुतेक. मी म्हणालो, "बरं." ती पापडाला गेली.

तिच्या माहेरचं माणूस मध्यंतरी बसमधून उतरलं आणि दारात येऊन उभं राहिलं, तेव्हा तिला कळलं. चहा व्हायला वेळ लागला. ते म्हणालं, "बहीन, तू दिसनी नही दारमा." ती आतूनच म्हणाली, "आते दार हाई मशीन दखस."

यंदाच्या दसऱ्याला मी आदल्या दिवशीच सगळी कामं उरकून ठेवली होती. सकाळी झाकण काढून बाजूला केलं. एक कोरा कागद बाजूच्या फळीवर ठेवला. प्रिंटर सुरू करून ठेवला, म्हटलं ती आली की प्रिंट देऊ, ती स्वस्तिक काढेल. तिच्या नियमाप्रमाणे.

ती ताट घेऊन मधल्या पडद्यापाशी आली आणि तिथूनच विचारलं, "मशीन बंद शे ना?"

"चालू शे," मी म्हणालो. "तू चालू मशीननीच करस ना."

"नको," ती म्हणाली. "काही बिघडनं म्हंजे तुमनं काम. बंद करा, मंग करस."

मी म्हणालो, काही बिघडत नाही. ती म्हणाली, बंद करा. ताट धरून ती तशीच उभी. तिचा गुडघा दुखत असणार. मी बटण दाबलं. पंखा फिरत फिरत थांबला, आणि मग बाहेरच्या ट्रकचा आवाज दुकानात आला.

तिने झाकण उचललं, आपल्या हाताने कीबोर्डवर नीट बसवलं, आणि झाकणाला कुंकू लावलं.